खांद्यातली काळी रेघ

१

वाघ्याच्या खांद्याचं हाड खचलंय, हे सांगायला डॉ. द्वारका नरवडेंनी तोंड उघडलं आणि नेमक्या त्याच वेळी खिडकीबाहेर वाघ्यानं दवाखान्याच्या भिंतीवरून उडी मारली.

भिंत चांगली छातीइतकी उंच. इलाजाला आणलेली कुणाची तरी शेळी दाव्यातून सुटली होती आणि रस्त्याकडे पळाली होती. वाघ्या भिंतीपलीकडे पुढच्या दोन पायांवर उतरला, शेळीला वळसा घालून तिला फाटकातून आत हाकललं, आणि काही झालंच नाही अशा थाटात आपल्या मालकाच्या, कारभारीच्या पायाशी येऊन बसला.

द्वारकाबाईंच्या हातात एक्स-रेची फिल्म होती. पाकिटावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, ‘वाघ्या’. फिल्ममध्ये उजव्या खांद्याच्या गोल हाडाला मागच्या बाजूनं खड्डा पडलेला दिसत होता. असल्या खांद्याचा कुत्रा सपाट जमिनीवरही आखडत चालतो. आणि हा भिंती ओलांडत होता.

“मग काय म्हणता, बाई? धनगराचा कुत्रा बाद ना?” टेबलापलीकडून साहेबरावांनी विचारलं. साहेबराव म्हणजे वाळूजच्या एका नव्या कंपनीचे सिक्युरिटी ऑफिसर. अंगानं थोराड, मिशीला पीळ, बोलण्यात घाई. दोन्ही कुत्र्यांच्या फिल्म तेच जीपमधून घेऊन आले होते. “उशीर झाला, माफी असावी. क्रांती चौकात नामांतराचा मोर्चा आडवा आला. जीप जागची हलेना. पार कंटाळलो.”

“सही उद्या करते,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“उद्या कशाला? फिल्म तर समोर आहे.”

“फिल्म समोर आहे, तसा कुत्राही समोर आहे. दोघांतला एक जण खोटं बोलतोय, साहेबराव. कोण ते बघू द्या मला.”

२

गोष्ट सत्याऐंशी सालची. वाळूजच्या माळावर रोज एखादी नवी चिमणी उभी राहत होती आणि त्याच औरंगाबादेत विद्यापीठाच्या नावासाठी माणसं रस्त्यावर उतरत होती. वाळूजच्या त्या कंपनीचे मालक लोहाडे यांना कारखान्याच्या राखणीला कुत्री हवी होती. आधी त्यांनी एक देखणा कुत्रा आणला होता. वर्षभरात तो लंगडा झाला, आणि त्याची पिल्लंही एकामागून एक लंगडी निघाली. तेव्हा सरकारी जनावरांच्या दवाखान्यातल्या द्वारकाबाईंनी लोहाड्यांना बजावलं होतं, “हे खांद्याचं दुखणं मोठ्या जातीच्या कुत्र्यांना ऐन वाढीच्या वयात धरतं आणि बापाकडून लेकरांत उतरतं. ज्याच्यापासून पैदास करायची, त्याचे खांदे आधी तपासा. रंगरूप मागाहून बघा.”

लोहाड्यांना ते पटलं. निवडीला शेवटी दोनच कुत्री उरली. एक सुलतान, खुलताबादच्या रस्त्यावरचे बागायतदार तात्यासाहेब यांचा अल्सेशियन. वर्षाचाही झाला नव्हता, पण रुबाब असा की बघणाऱ्यानं रस्ता सोडावा. दुसरा वाघ्या, खुलताबादच्या डोंगरात मेंढरं राखणाऱ्या कारभारी धनगराचा. वाघ्याची निवड झाली तर त्याला सांभाळायला कारभारीलाही कंपनीत कायमची नोकरी लागणार होती, कारण वाघ्या दुसऱ्या कुणाचं ऐकतच नसे.

क्रांती चौकाजवळच्या खाजगी एक्स-रे दवाखान्यात सकाळी दोन्ही कुत्र्यांना द्वारकाबाईंनी स्वतः गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं. फोटो निघाले आणि तेवढ्यात चिकलठाण्याकडं एक म्हैस अडल्याचा निरोप आला, म्हणून त्या निघून गेल्या. फिल्म धुऊन, वाळवून साहेबरावांच्या हाती द्यायचं काम तिथल्या तंत्रज्ञाकडं, प्रल्हाद अवसरमोलकडं होतं.

आता त्यांनी वाघ्याला टेबलावर घेतलं. उजवा पाय हळूच मागे ओढला, पुढे ताणला, खांद्यात बोट रुतवलं. वाघ्यानं जांभई दिली. दोन्ही खांद्यांवरचं मांस सारखंच भरलेलं होतं.

“बाई,” कारभारी हलक्या आवाजात म्हणाला, “त्यो साहेब म्हंतो, ह्याच्या हाडाला कीड हाय. खरं हाय का वं?”

“तुम्हाला काय वाटतं, मामा?”

“म्या काय सांगू? लांडगा आला तवा ह्यो डोंगर उतरून आला. थोरल्या लेकीच्या लग्नात ह्यो पिल्लू व्हता, आता तिची पोरगी साळंत जाती. इतक्या वर्सांत लंगडताना नाय बघितला. पर फोटूत दिसतंय म्हंत्यात. फोटूपुढं आपलं काय चालतंय?”

द्वारकाबाई पाचोडच्या. शेतकऱ्याच्या घरातून निघून जनावरांच्या डॉक्टर झाल्या, तेव्हा बाजारात माणसं त्यांना बघायला थांबत. समोरच्याच्या आवाजातली हार त्यांना लगेच ओळखू येई. त्यांनी दोन्ही पाकिटं टेबलाच्या खणात बंद केली आणि लुना सुरू केली. एक्स-रे दवाखान्यात पोचल्या, तर प्रल्हादच्या खुर्चीवर दुसराच माणूस बसलेला.

“प्रल्हाद? त्याला घरी बसवलंय,” तो म्हणाला. “साहेबरावांचा फोन आला होता. त्यानं मुद्दाम फिल्म बदलल्या म्हणे.”

द्वारकाबाई जागीच थबकल्या. फिल्म बदलल्याचा संशय त्यांनी अजून कुणाजवळ बोलूनही दाखवला नव्हता.

३

प्रल्हाद घरीच सापडला. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला निळ्या रिबिनीचा बिल्ला. त्याच्या आईनं, साळूबाईनं, पाण्याचा तांब्या पुढं केला.

“बाई, तुम्ही पण तेच विचारायला आलात का?” प्रल्हादचा आवाज ताठ होता. “साहेबरावांनी आमच्या एक्स-रेच्या डॉक्टरांना सांगितलं, अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत ह्याच्या गावात घरं जळाली, कारभारी त्याच गावचा, ह्यानं आता सूड उगवला. वर म्हणाले, मोर्चात जाणारी माणसं, ह्यांचा भरवसा काय?”

“घर जळालं होतं?”

“व्हय, जळालं,” उत्तर साळूबाईनं दिलं. “पर जाळणारे दुसरे व्हते, बाई. कारभारीनं मला अन् ह्या लेकराला मेंढरांच्या वाड्यात दडवलं. दाराला ह्योच वाघ्या… नाय, ह्याच्या आधीचा कुत्रा बसवला. म्हनला, आत यायचं आसंल तर ह्याला इचारून या. त्या मानसाच्या पोटावर माझा ल्योक पाय दील का?”

साहेबरावांनी पुढं केलेलं कारण एका झटक्यात उलटं झालं होतं. पण मायलेकरांच्या शब्दाला पुरावा कोण म्हणणार?

“फिल्म ओळखायची खूण काय असते, प्रल्हाद?”

“शिशाचा आकडा, बाई. फोटो काढतानाच, फिल्म ज्यात असते त्या कॅसेटच्या वरच्या कोपऱ्यात ठेवतो. फिल्मवर पांढरा उमटतो. सुलतान एक, वाघ्या दोन. नावं फक्त पाकिटावर. फिल्म वाळल्या, पाकिटात घातल्या, साहेबरावांना दिल्या आणि तसाच मोर्चाला गेलो.”

“क्रांती चौकातल्या?”

प्रल्हाद कडवटपणे हसला. “क्रांती चौक दिसला कुठं आम्हाला? पोलिसांनी भडकल गेटलाच अडवून धरलं. घोषणा तिथंच, भाषणं तिथंच. शेवटपर्यंत एक पाऊल पुढं टाकू दिलं नाही.”

द्वारकाबाईंनी तांब्या खाली ठेवला. परतताना त्या क्रांती चौकात थांबल्या आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याला सहज विचारलं.

“मोर्चा? इधर कहाँ, मॅडम,” तो म्हणाला. “बंदोबस्त तगडा था, लेकिन रस्ता एकदम सुनसान. दिनभर मक्खी मारते बैठा मैं.”

४

तात्यासाहेबांच्या मळ्यात सुलतान आंब्याच्या सावलीत पहुडला होता. तात्यासाहेब पांढऱ्याशुभ्र धोतरात, हातात काठी. त्यांनी डॉक्टरीणबाईंना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि एक्स-रेचं नाव निघताच कपाळाला आठ्या घातल्या.

“पुन्हा फोटो? कशासाठी? साहेबराव म्हणाले, आमचा कुत्रा पास आहे.”

“पास की नापास ते मी ठरवते, तात्यासाहेब. मी अजून सही केलेली नाही.”

“बाई, तुम्ही लेकीसारख्या, म्हणून ऐकून घेतो. या कुत्र्याला मी पोटच्या पोरासारखा वाढवलाय. दूध, अंडी, मटण, कशाला कमी नाही. त्याला पुन्हा सुई टोचून बेशुद्ध करू देणार नाही. विषय संपला.”

सुलतान उठला. उठताना आधी मागचे पाय सरळ केले, मग पुढचा डावा, आणि उजवा सगळ्यात शेवटी, जरा घाबरत टेकला. चार पावलं आखडून टाकली, मग मोकळा झाला.

“हे असं रोजच?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“लाडावलाय. सकाळी आळस करतो. थोडा फिरला की झालं.”

द्वारकाबाई खाली बसल्या. सुलताननं विश्वासानं त्यांच्या गुडघ्यावर तोंड ठेवलं. त्यांनी त्याचे पुढचे दोन्ही पंजे हातात घेतले.

“तात्यासाहेब, इकडे या. ह्या डाव्या पंजाच्या नख्या बघा. घासून बोथट झाल्यात. आता उजव्याच्या बघा.”

तात्यासाहेब वाकले. उजव्या पंजाच्या नख्या लांब होत्या, टोकदार.

“जो पाय जमिनीवर पुरता टेकत नाही, त्याच्या नख्या झिजत नाहीत. आता ह्या खांद्यांवरून हात फिरवा. दोन्ही सारखे लागतात का?”

म्हाताऱ्याचा हात सुलतानच्या डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेला आणि तिथंच थांबला. उजवीकडं हाड हाताला लागत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताठा हळूहळू उतरला. पण तोंडातून शब्द निघाला तो एवढाच, “तुम्ही आता या, बाई.”

५

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाईंनी दोन्ही फिल्म काचेच्या दिव्यावर शेजारी शेजारी लावल्या. पहिल्या दिवशी लाइट गेली होती, म्हणून फिल्म खिडकीच्या उजेडात धरली होती, आणि नजर थेट खड्ड्यावर गेली होती. एकदा दोष सापडला की डोळा दुसरं काही बघत नाही. आज त्यांनी खड्डा मुद्दाम सोडून दिला आणि उरलेलं हाड बघायला घेतलं.

आणि त्यांना ती दिसली. हाडाचा गोल माथा आणि खालचा दांडा यांच्यामध्ये एक बारीक, वाकडी, काळी रेघ.

द्वारकाबाई एकट्याच खोलीत मोठ्यानं हसल्या.

शिशाचा आकडा मात्र कुठंच दिसेना, तेव्हा त्यांनी फिल्मच्या कडेवरून बोट फिरवलं. फिल्मचे कोपरे कारखान्यातूनच गोल कापलेले येतात, हाताला गुळगुळीत लागतात. तीन कोपरे तसेच होते. चौथा बोटाला टोचला. दुसऱ्या फिल्मचाही तोच कोपरा, तसाच.

त्यांनी फोन उचलला. लोहाड्यांना, साहेबरावांना, एक्स-रेच्या डॉक्टरांना, सगळ्यांना एकच निरोप दिला. “क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात या. वाघ्याचा आणि सुलतानचा फोटो पुन्हा काढायचा आहे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.”

“आणि तात्यासाहेब कुत्रा देतील?” लोहाड्यांनी विचारलं.

“मळ्यावर निरोप धाडलाय. बघू,” म्हणत द्वारकाबाईंनी फोन ठेवला.

६

दवाखान्याच्या अंगणात सगळे जमले. कारभारी वाघ्याला घेऊन भिंतीशी उभा होता. प्रल्हाद आला होता, पण त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. साहेबराव सारखे मनगटावरचं घड्याळ बघत होते.

“तात्यासाहेब येणार नाहीत,” ते म्हणाले. “एवढ्या मोठ्या माणसाला हेलपाटे मारायला लावायचे म्हणजे काय! साहेब, ह्यात वेळ चाललाय.”

तेवढ्यात फाटकात जुनी ॲम्बॅसडर थांबली. मागच्या दारातून आधी सुलतान उतरला, आखडत. मग तात्यासाहेब. ते कुणाकडंही न बघता द्वारकाबाईंपुढं आले.

“रात्रभर त्या पायावरून हात फिरवत बसलो,” ते म्हणाले. “काढा फोटो.”

प्रल्हादनं सगळ्यांसमोर शिशाचे आकडे ठेवले, सुलतानला एक, वाघ्याला दोन. फोटो निघाले. ओल्या फिल्म क्लिपला टांगून दिव्यापुढं आल्या. एक नंबरच्या फिल्ममध्ये उजव्या खांद्याला तोच खड्डा, तसाच खोल, त्याच जागी. दोन नंबरचा खांदा सुपारीसारखा गोल, घोटीव.

“आता ही जुनी बघा,” द्वारकाबाईंनी ‘वाघ्या’ नावाच्या पाकिटातली फिल्म शेजारी लावली. “खड्डा हुबेहूब सुलतानचा. पण नवा फोटो काढायच्या आधीच मला हे कळलं होतं. ही काळी रेघ दिसते का? हाड लांबीला वाढतं ते इथून. वाढ संपली की रेघ बुजते. वर्षाच्या आतल्या कुत्र्यात ती असते, मोठ्या वयाच्या कुत्र्यात नसते. वाघ्या कारभारीमामांच्या लेकीच्या लग्नातला. तिची पोरगी आज शाळेत जाते. त्याच्या हाडात ही रेघ कुठून येणार?”

लोहाडे पुढं सरकले. “म्हणजे फिल्म खरोखर बदलल्या. हाच,” त्यांनी प्रल्हादकडं बोट केलं, “हाच बदलू शकत होता ना?”

“बदलू शकत होते तिघं. प्रल्हाद, साहेबराव आणि मी. पाकिटं ह्याच तीन हातांतून गेली. तात्यासाहेबांनी तर ती पाहिलीही नाहीत, आणि दोष ठाऊक असता तर ते आज सुलतानला घेऊन आलेच नसते. मी बदलल्या असत्या तर कालच सही करून मोकळी झाले असते. राहिले दोघं. आता हा कोपरा बघा. कात्रीनं कापून गोल केलाय. आकडा नेमका इथं होता. प्रल्हादला लबाडी करायची असती तर कात्री कशाला लागली असती? आकडे ठेवणारा तोच. सुलतानला दोन आणि वाघ्याला एक ठेवला असता की काम झालं, माग राहिला नसता. कात्री कुणाला लागते? फोटो निघून गेल्यावर ज्याच्या हाती फिल्म आली, त्याला.”

लोहाड्यांनी फिल्म हातात घेऊन त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

“हे सगळं हवेतलं आहे,” साहेबराव म्हणाले. “मी पाकिटं घेतली, मोर्चात अडकलो, आणि सरळ तुमच्याकडं आलो.”

“कुठल्या मोर्चात?”

“सांगितलं की, क्रांती चौकातल्या!”

“मोर्चा भडकल गेटच्या पुढं आलाच नाही, साहेबराव. हा चौक दिवसभर रिकामा होता. बंदोबस्ताला उभ्या असलेल्या कुठल्याही शिपायाला विचारा. मोर्च्यातल्या माणसांवर खापर फोडलं की पुढं कुणी विचारत नाही, ही तुमची अटकळ. पण मोर्चा कुठं थांबला, हे मोर्च्यातल्याच माणसाला ठाऊक असतं. आणि मी संशय तोंडातून काढायच्या आधी फिल्म बदलल्याचा फोन इथं कुणी केला? बदलल्यात हे तुम्हाला कसं कळलं?”

साहेबरावांचा हात मिशीकडं गेला आणि तिथंच राहिला. लोहाड्यांनी एकच शब्द उच्चारला, “बोला.”

आणि ते बोलले. फिल्म हाती आल्यावर वाटेत त्यांनी एका ओळखीच्या हाडाच्या डॉक्टरला त्या उजेडात धरून दाखवल्या होत्या. मोठ्या जातीचा, महिनाभर आपण ज्याची तारीफ केली तोच कुत्रा नापास निघणार, हे तिथं कळलं. वाघ्या आला असता तर त्याच्याबरोबर कारभारी आला असता, आणि कुत्री सांभाळायची ती जागा त्यांनी आपल्या मेहुण्याला केव्हाच कबूल केली होती. बाईंनी सही टाळली तेव्हा ते घाबरले आणि दोष आधीच प्रल्हादवर ढकलून ठेवला.

“धनगराला काय, मेंढरं आहेतच,” ते पुटपुटले.

कारभारी भिंतीपासून पुढं आला. तो म्हणाला, “मेंढरं हायेत, साहेब. पर माझा कुत्रा किडका नाय, येवढं चारचौघांत सांगा अन् मग जावा.”

साहेबरावांना ते सांगावं लागलं. मग ते फाटकातून बाहेर पडले, आणि कंपनीत पुन्हा दिसले नाहीत.

एक्स-रेच्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर प्रल्हादची माफी मागितली. “उद्यापासून ये,” ते म्हणाले.

“उद्या सुट्टी लागेल, साहेब,” प्रल्हाद म्हणाला. “मोर्चा आहे.”

“बरं, परवा ये,” डॉक्टर म्हणाले, आणि पहिल्यांदा प्रल्हाद मोकळं हसला.

तात्यासाहेब सुलतानपाशी खाली बसले होते. “बाई, ह्याला आता… कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यावं लागेल का?”

“छे! हाडाच्या माथ्यावरचा कुर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, पापुद्रा सुटलाय. तो काढून टाकला की खांदा भरून येतो. वय लहान आहे, हीच जमेची बाजू. परभणीच्या जनावरांच्या कॉलेजात माझे सर आहेत, मी स्वतः त्यांच्या जोडीला उभी राहते. पिल्लं मात्र ह्याच्यापासून घ्यायची नाहीत.”

“नाही घेणार,” म्हातारा म्हणाला. “आणि घरातली बाकीची कुत्री तपासायला केव्हा आणू, तेवढं सांगा.”

७

सुलतानचं ऑपरेशन पार पडलं. थंडी सरली तेव्हा तो मळ्याच्या बांधावरून असा धावत होता की तात्यासाहेबांनी द्वारकाबाईंना खास गाडी पाठवून बघायला बोलावलं.

तिथून त्या तशाच वाळूजला गेल्या. कारभारीच्या नोकरीचा तो पहिला दिवस होता. कंपनीनं खाकी कपडे दिले होते, पण टोपी त्यानं घेतली नव्हती; डोक्याला त्याचा लाल फेटाच होता. बानाबाई, त्याची बायको, नवऱ्याला वर्दीत बघायला डोंगर उतरून आली होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती.

“आगं, हसती काय?”

“हसू नाय तर काय करू? मेंढरं बी वळखायची न्हाईत तुमास्नी!”

इतक्यात लोहाड्यांची मोटार फाटकाशी आली. वाघ्या उठला, चाकापुढं आडवा उभा राहिला आणि असा गुरगुरला की ड्रायव्हरनं खाडकन ब्रेक मारला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. वाघ्या तसूभर हलला नाही.

कारभारी घाबरून धावला. “साहेब, चुकलं, त्यो नवा हाय, त्याला वळख नाय…”

“थांबा, थांबा,” लोहाडे काच खाली करून म्हणाले. ते मोटारीतून उतरले, आपल्याच कारखान्याच्या फाटकाबाहेर हात जोडून उभे राहिले. “कारभारी, कुत्र्याला विचारा. आत येऊ का?”

कारभारीनं छाती भरून शीळ घातली. वाघ्या बाजूला झाला, आणि मालक आत आले.